सदर मालिकेबाबत रायटरनाना

नगरजवळच्या केडगावात पुणे रोडला लागून माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारे, जातीचे दाखले, लग्नाचे बायोडाटे, भाडेकरार, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. पण टीव्हीवरच्या मालिकेचा पंचनामा टाईप करायला घेऊन आलेलं गिऱ्हाईक आजवर एकच. आमच्या गल्लीतले रायटरनाना. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

पहिल्यांदा आले ते भर दुपारी. सदऱ्याच्या खिशातून फुलस्केप कागदांची घडी काढली, काउंटरवर सरळ केली आणि म्हणाले, "मंगल, हे टाईप कर आणि चढव."

"कुठे चढवू नाना?"

"त्या मोबाईलच्या ग्रुपवर. लोक तिथे वाट्टेल ते लिहितायत."

कागदाला डावीकडे चार बोटं समास सोडलेला. खाली दोन कार्बन कॉप्या. मी वाचायला लागले. 'आज रोजी सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सुरू करून सात वाजून चाळीस मिनिटांनी संपविला. सदर भाग राहत्या घरी, दिवाणावर बसून, पत्नी नामे शालन हिच्या समक्ष पाहिला. प्रकाश पुरेसा होता.' मला फिस्सकन हसू आलं. वर बघितलं तर नानांच्या तोंडावर गमतीचं नावनिशाण नाही. मी हसू गिळलं आणि टाईप करायला बसले.

रायटर हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पोलीस ठाण्यात तपास साहेब करतात आणि साहेबांच्या नावाने कागद जो लिहितो त्या हवालदाराला रायटर म्हणतात. नानांनी तेहतीस वर्षं ते काम केलं. जिल्ह्यातली निम्मी ठाणी फिरले. चोरी, मारामारी, अपघात, विहिरीत पडलेली म्हैस, सगळ्याचे पंचनामे त्यांच्या अक्षरात. अक्षर असं की साहेब लोक बदलीवर जाताना नानांना बरोबर न्यायला बघायचे. रिटायर झाल्यावर हाताला काम उरलं नाही, तेव्हा काही दिवस ते दूधवाल्याचा, केबलवाल्याचा जबाब घेत बसायचे. शालनकाकू वैतागून गेल्या होत्या.

मग सुट्टीला पुण्याहून नात आली. तिने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि जाताना एक परदेशी मालिका लावून गेली. हिंदीत बोलणारी. अमेरिकेतल्या चित्रांच्या पुस्तकांवरून काढलेली. एका शहरात गुंडांनी उच्छाद मांडलाय, एक मुखवटेवाला आहे तो भिंतीतून आरपार जातो, गुंडांना बडवतो आणि ठाण्याच्या दारात बांधून ठेवतो. त्याच्याबरोबरीने एक पोलीस अधिकारी आहे, बाई, कडक. नाना तिला मॅडम म्हणत. नुसतं मॅडम, जसं काही उद्या तिच्याच हाताखाली ड्युटी लागणार आहे. या मालिकेवर बोलणाऱ्या मराठी प्रेक्षकांचा एक ग्रुपही नातीने त्यांच्या मोबाईलवर घालून दिला. बिचारीला काय ठाऊक आपण काय करून चाललोय.

मुखवटेवाल्याचं नानांना काडीचं कौतुक नव्हतं. ग्रुपवर पोरंपोरी त्याच्यावर जीव टाकायची. त्याचा झगा, त्याचे डोळे, त्याची उडी. नानांचं मत असं: 'सदर इसमाने आरोपीस खांबास बांधून ठेवले व निघून गेला. आरोपी सुटणार. अंगझडती कोणी घेतली? पंच कुठे आहेत? मुद्देमालास लाखेचे सील नाही. सदर इसमास साक्षीस उभे करावयाचे झाल्यास नाव काय लिहावे? मुखवटेवाला, वय अंदाजे पस्तीस, धंदा माहीत नाही, राहणार माहीत नाही. कोर्ट विचारेल, तो भिंतीतून आत कसा गेला. त्यावर सरकारी वकिलांनी काय सांगावे?'

ग्रुपवर शेवटी पाचपैकी स्टार द्यायचे असतात. मी विचारलं, किती देऊ? नाना एकदम अवघडले. म्हणाले, "स्टार साहेबांना असतात. आम्हाला फिती. मी कसा देऊ?" मी लाख समजावलं की हे तसले नाहीत. ऐकेनात. शेवटपर्यंत त्यांनी कुणाला एक स्टार दिला नाही.

एक भाग बघायला त्यांना दीड-दोन तास लागायचे. कारण खून झाला की नाना टीव्ही थांबवायचे आणि जागेची चतुःसीमा लिहून घ्यायचे. पूर्वेस दारूचे दुकान, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस दिसत नाही. एकदा मी काही द्यायला घरी गेले, तर मला हाताला धरून टीव्हीपुढे बसवलं. "दोन पंच लागतात. हिची एकटीची सही चालत नाही." पडद्यावर प्रेत तसंच पडलेलं, नाना नाकावर चष्मा ठेवून लिहितायत आणि काकू शेजारी बसून मेथी निवडतायत.

काकूंची मतं नानांपेक्षा बरी असायची, हे मी नानांच्या देखतही सांगायचे. काकू म्हणायच्या, "त्यो मुखवटेवाला, येवढा घोडा झाला, त्याच्या लग्नाचं कुनी बघितलं न्हाई का? आई कुठंय त्याची?" किंवा, "ही मॅडम सारखी काळी कॉफी पिऊन हिंडती. जेवती कधी? म्हणून चिडचिड व्हती तिची." मी एकदा ही मतं काकूंच्या नावाने ग्रुपवर टाकली. शंभरेक जणांनी अंगठे दिले. नाना दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पण नानांचीही वाट बघितली जायला लागली. भाग आला की पोरं विचारायची, पंचनामा कधी येणार. हसायची, ते उघड होतं. नानांना ते कळत होतं की नाही, मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. एकदा ग्रुपवर भांडण पेटलं. काहीजण म्हणत होते की मूळ पुस्तकात मॅडम अशी नाहीच, मालिकावाल्यांनी सगळं बदलून टाकलं. नानांनी मला लिहायला सांगितलं, 'मूळ फिर्याद हजर करा. तोंडी ऐकणार नाही.' झालं. दोन दिवसांनी सावेडीतला एक मुलगा खरोखर ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या दुकानात आला. पुस्तकाला हात लावण्याआधी नानांना हात धुवायला सांगितलं त्याने. नानांनी मुकाट्याने धुतले. मग भिंग घेऊन पानन् पान बघितलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण चित्रं होती. "इथे घड्याळ डाव्या हातात आहे, मालिकेत उजव्या. विसंगती आहे." त्या मुलाचे डोळे असे चमकले की काय सांगू. दोघं माझ्या दुकानात तीन तास बसले, आणि माझी झेरॉक्सची गिऱ्हाइकं बाहेर उभी.

या सगळ्यात नानांची एकच गोष्ट मला खटकायची. पंच कुठायत, जप्ती कुठे झाली, वेळ काय, यावर ते कधीच हसायचे नाहीत, आणि दुसऱ्याने थट्टा केली तर ताडकन उठून जायचे. मी म्हणायचे, नाना, टीव्ही आहे तो. ते म्हणायचे, "टीव्ही असू दे. जागेवर बसून लिहायला काय होतं?"

मग तो भाग आला. चांदीच्या दातांचा एक गुंड असतो, मॅडमच्या हातून चार वेळा सुटलेला. पाचव्या वेळी मॅडम काय करते, स्वतःच्या कपाटातलं पिस्तूल काढते आणि त्याच्या गाडीत सीटखाली ठेवते. मग सगळ्यांसमोर गाडीची झडती घेते. सापडलं. गुंड आत. ग्रुपवर नुसता जल्लोष. वाघीण काय, रणरागिणी काय. एकाने लिहिलं, असे अधिकारी आपल्याकडे पाहिजेत. दिवस उलटला, नानांचा पंचनामा नाही. दुसऱ्या दिवशी आले ते हातात चिठ्ठीएवढा कागद. त्यावर एकच ओळ. 'मॅडमनी चूक केली. हे बरोबर नाही.' ना तारीख, ना वेळ. मी तसंच टाकलं.

ग्रुप तुटून पडला. गुंड होता ना तो? मग? कुणीतरी विचारलं, "नाना, तुम्ही तेहतीस वर्षं लिहीत होतात. खरं सांगा, तुम्ही कधी असं केलंच नाही?" विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पुढे हसण्याचं चित्र काढलं होतं त्याने. नानांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच परत." मी परत वाचलं. नाना उठून घरी गेले.

पाच दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे नऊ पानं ठेवली. समास सोडलेला, खाली दोन कार्बन कॉप्या. मी उभ्या उभ्या वाचलं. त्यातलं थोडं आठवेल तसं इथे देते. 'विहिरीवरच्या विजेच्या मोटारी चोरीस जात होत्या व वरून ताकीद होती. एक चोरीची मोटार बेवारस मिळाली होती, ती ठाण्याच्या मागच्या खोलीत होती. सदर मोटार इसम नामे भानुदास, वय बावीस, याच्या राहत्या छपरात मिळून आली असे मी लिहिले. ती तिथे मिळून आली नव्हती. मी त्याच्या छपरात गेलो नाही. पंचनामा ठाण्याच्या टेबलावर बसून केला. समोरच्या हॉटेलातील नेहमीचे दोन पंच संध्याकाळी येऊन सह्या करून गेले. साहेबांनी सांगितले होते, हे खरे. पण अक्षर माझे आहे. कोर्टात पंच उलटले व तो निर्दोष सुटला. तोवर सात महिने आत होता.'

भानुदास हे नाव आणि त्याचं गाव मी बदललंय. त्याला विचारूनच हे सगळं लिहितेय.

मला नानांचा राग आला. लपवत नाही. वर्षभर मी त्या माणसाचे पंच आणि सील आणि चतुःसीमा टाईप करून हसत होते, आणि हा माणूस टीव्हीवर रोज काय शोधत बसला होता ते मला आत्ता कळत होतं. मी विचारलं, "आणि हे ग्रुपवर टाकायचं?" म्हणाले, "विचारलंय त्यांनी. उत्तर द्यायला पाहिजे. पेन्शनचं काय व्हायचं ते होऊ दे."

मी कागद घेऊन आधी काकूंकडे गेले. नानाही मागोमाग आले. काकूंना लिहिता-वाचता बेताचं, म्हणून मी वाचून दाखवलं. काकू मेथीची जुडी हातात धरून ऐकत होत्या. संपल्यावर जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "येवढी वर्षं शेजारी झोपले, मला न्हाई सांगितलं. आन् आता मोबाईलवर सांगाया निघाले. ज्याचं हाय त्याला आधी जाऊन सांगा की. त्यो हाय का मेला, ते तरी म्हाईत हाय का तुमाला?"

माहीत होतं. नानांना त्याचं गाव, गल्ली, शेताचा रस्ता, सगळं माहीत होतं. प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या थोडं पुढे. नाना त्या रस्त्याने यष्टीतून दहा वेळा गेले असतील आणि उतरले नसतील. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू जा संगं. शुगर हाय त्यांना, वाटंत काय झालं म्हंजे." म्हणून मी दुकान बंद ठेवलं आणि गेले. राहुरी मागे पडली. नाना कागदाची पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले.

भानुदास पन्नाशी उलटलेला. गोठ्यापुढे गाईला गवत टाकत होता. नानांकडे बघितलं आणि गवताची पेंढी खाली ठेवली. म्हणाला, "रायटर ना तुमी?"

नाना म्हणाले, "हो."

"बसा."

बाजेवर बसलो. नानांनी पिशवीतून कागद काढले, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आज रोजी, सदर, नमूद. कसं आलात, कशाला आलात, काही नाही. सून चहा घेऊन आली तसा भानुदासने हात वर केला. "थांबा." ती चहा ठेवून आत जाईस्तोवर तिघंही गाईकडे बघत बसलो. मग तो म्हणाला, "हां, वाचा."

नऊ पानं वाचून झाली. भानुदास एकदाच मध्ये बोलला. "सात न्हाई. सात म्हैने बावीस दिस." नानांनी तिन्ही प्रतींवर दुरुस्ती केली आणि शेजारी आपली छोटी सही. मग खिशातलं पेन काढून पुढे केलं. "वाचून दाखवलं, बरोबर आहे, अशी इथे सही लागेल."

भानुदासने पेन घेतलं नाही. "तवा बी तुमीच पेन दिल्तं. म्हनला हुता, सही कर, वाचायची गरज न्हाई."

नानांचा हात तसाच राहिला. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि आम्ही दोघं त्यात जावं.

"आन् ह्ये जानार कुठं?" भानुदासने विचारलं. नानांनी मालिकेचं सांगितलं, मॅडमचं, पिस्तुलाचं, ग्रुपचं. शेकडो लोक वाचतील म्हणाले. त्यांना वाटत होतं ती भानुदासच्या बाजूची गोष्ट आहे.

"माज्या सुनंला म्हाईत न्हाई," भानुदास हळू म्हणाला. "तिच्या माहेरी बी न्हाई. पोराची सोयरीक जमवताना आमी तोंड मिटून बसलो. तुमी गावभर वाजवलं तर तुमचं मन हलकं व्हईल रायटर. माज्या घरात काय व्हईल?"

हे नानांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही, खरं सांगायचं तर. नाना कागदांकडे बघत राहिले. मग मूळ प्रत आणि दोन्ही कार्बन एकत्र करून त्यांनी भानुदासपुढे ठेवल्या. म्हणाले, "तिन्ही आहेत. चौथी नाही."

भानुदासने त्या घेतल्या, न बघता बाजेच्या गोधडीखाली सारल्या. "आता तोंडानं सांगा. कागद न्हाई."

तेहतीस वर्षांत या माणसाला वाक्य अडलं नसेल. सदरने सुरू केलं की शेवटपर्यंत सरळ. त्या दिवशी नानांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. हातातलं पेन खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. शेवटी म्हणाले, "चुकलो भानुदास. फार मोठं चुकलो."

"व्हय," भानुदास म्हणाला.

तेवढंच. असू दे म्हणाला नाही, झालं गेलं म्हणाला नाही. गार झालेला चहा आम्ही प्यायलो. निघताना नाना चपला घालत होते तेव्हा त्याने मागून विचारलं, "त्या बाईचं फुडं काय झालं? पिस्तूल ठिवलेल्या?"

"अजून दाखवलं नाही. शनिवारी दाखवतील."

"मंग कळवा."

त्यानंतर नानांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. पोरं विचारत राहिली, मी नाना रजेवर आहेत असं टाकून दिलं. पण शनिवार संध्याकाळचा भाग ते न चुकता बघायचे, आणि रविवारी सकाळी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून भानुदासला फोन लावायचे. घरी काकू मध्ये मध्ये स्वतःची मतं घालायच्या, म्हणून इथे. सगळा भाग तोंडी सांगायचे. पहिल्या रविवारी फारच वाईट सांगितला, कोण कुणाला मारतंय काही कळेना. हळूहळू जमायला लागलं. पुढे पुढे मी गिऱ्हाइकाला थांबवून ऐकायचे.

मालिकेचा शेवटचा भाग झाला त्या रविवारी ते आले, इस्त्रीचा सदरा घालून. फोन लावला. मालिकावाल्यांनी मॅडमला काही केलं नव्हतं. मुखवटेवाल्याने ती गोष्ट पोटात ठेवली, मॅडमला बढती मिळाली, टाळ्या वाजल्या. नानांनी जसंच्या तसं सांगितलं. मग थांबले. घसा खाकरला आणि विचारलं, "तुझं मत काय भानुदास? शिक्षा व्हायला पाहिजे होती का तिला?"

पलीकडून तो बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं. नानांच्या पुढ्यात माझं कोरं पॅड होतं, पेन होतं. त्यांनी हात लावला नाही. पाठ ताठ ठेवून, एक हात गुडघ्यावर, बघत होते समोरच्या भिंतीकडे. मध्येच म्हणाले, "बरं." बराच वेळ गेला. पुन्हा म्हणाले, "बरं." एक बाई आधार कार्ड घेऊन आली, तिला मी खुणेनेच बसवलं. नानांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "काय म्हणाला?"

नाना स्टुलावरून उठले. "ते त्याने मला सांगितलंय," म्हणाले. "तुला टाईप करायचं नाही." आणि उन्हातून घराकडे चालायला लागले.